तांदूळ निवडणारी बाई

दोन पानं एकमेकांना चिकटली होती आणि मी ती एकदमच उलटली.

श्रावण लागून चार दिवस झाले होते. विहाराच्या कौलांवरून पाण्याची संततधार लागलेली. दिवसभर चिखलात वाकून धानाचं रोवणं करून आलेल्या बायका भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. कुणाचा पदर अजून ओला होता, कुणाचं पोर मांडीवरच झोपलं होतं. समोर बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे दोन मेणबत्त्या आणि शेजारी पांढरं कापड घातलेल्या चौरंगावर ग्रंथ. ग्रंथापाशी नंदेश्वर गुरुजी आणि त्यांच्या डाव्या हाताला मी, पानं उलटायला.

चूक लक्षात आली तेव्हा उशीर झाला होता. आता गुरुजी अडखळणार, सगळ्या बायका माझ्याकडे बघणार, नवी सून वेंधळी आहे हे उद्या नळावर जाहीर होणार, एवढं सगळं एका दमात माझ्या मनात येऊन गेलं. पण गुरुजी अडखळले नाहीत. त्यांचं बोट नव्या पानावरच्या ओळींवरून निवांत सरकत राहिलं आणि तोंडातून मात्र मागचंच येत राहिलं, त्या चिकटलेल्या पानांच्या पोटातलं.

"सुजातेच्या अंगणात त्या दिवशी मोठी गडबड होती," ते वाचत होते. "गायी दोहून झाल्या होत्या. चुलीवर खीर शिजत होती. आणि पायरीवर एक बाई तांदूळ निवडत बसली होती. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. सूप हातात घेण्याआधी ती दर वेळी तो डाग पदराने झाकायची आणि सूप हललं की पदर घसरायचा. तिने सुजातेला विचारलं, खीर चाखून पाहिलीस ना? सुजाता म्हणाली, पाहिली. बाई म्हणाली, मग आता पुरे, पाहुण्याला पुरली पाहिजे."

बायका हसल्या. माझ्या सासूने नाक शिंकरलं. मी मान खाली घालून त्या चुकीच्या पानाकडे बघत बसले. गुरुजींना दिसत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. थोडं कमी दिसतं असं नव्हे, अजिबातच दिसत नव्हतं.

मी वैशाखात लग्न होऊन त्या टोलीत आले होते. वैनगंगेच्या काठची पन्नासेक घरांची वस्ती. नवरा तालुक्याला राइस मिलमध्ये कामाला, आठवड्याने यायचा, तेव्हा खरा संसार माझा सासूशीच. सासूला आमच्याकडे मामी म्हणतात. माझ्या मामींचं नाव पंचफुला. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात त्यांनी एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. पूर्वी पावसाच्या दिवसांत भिक्खू गावोगाव फिरणं थांबवून एका जागी राहत आणि लोकांना शिकवत. आमच्या विहारात भिक्खू राहत नव्हते, म्हणून ते तीन महिने रोज दिवेलागणीला बुद्धाच्या जीवनाचा ग्रंथ वाचायचा. आणि तो वाचायचा नंदेश्वर गुरुजींनीच, हे गेली पंचवीस वर्षं ठरलेलं. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, काठीसारखे सरळ. बायको फाल्गुनात गेली, माझ्या लग्नाच्या दोन महिने आधी. पोरंबाळं नव्हती. घरी बोलायला कुणी नाही म्हणून की काय, त्यांचा सगळा आवाज संध्याकाळसाठी राखलेला असायचा.

मी दहावी पास. टोलीतल्या सुनांमध्ये तेव्हा मी एकटीच, आणि त्याचा मला तोराही होता. आषाढी पौर्णिमेला गुरुजी मामींना म्हणाले होते, "पंचफुलाबाई, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बारीक अक्षर जरा दगा देतं. सुनेला पानं उलटायला बसवा माझ्याजवळ." मी खूश झाले होते. वाटलं, आज पानं उलटते, उद्या वाचायलाही मिळेल.

चिकटलेल्या पानांची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. उलट गुरुजींबद्दलचा आदर वाढला. डोळे नाहीत तर काय झालं, अख्खा ग्रंथ पाठ आहे! मी मुकाट्याने त्यांचं बोट हळूच ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवायचे आणि ते सुरू व्हायचे.

ती बाई मग वरचेवर येऊ लागली. राजगृहाच्या वाटेवर एका विहिरीपाशी ती उभी होती, तिने दमलेल्या भिक्खूला पाणी दिलं आणि वर दरडावलं, की उन्हातून आलास, घटाघटा पिऊ नको. जेतवनात ती पहाटे झाडून काढत होती आणि गळलेली फुलं मात्र केरात जाऊ देत नव्हती, बाजूला ठेवत होती. तिला नाव नव्हतं. पण मनगटावरचा डाग दिसला की बायका सावरून बसायच्या. मला तर ती फार आवडायला लागली. माहेर सुटलेलं, नवरा लांब, मामी करड्या. भाकरी थापताना, नदीवर धुणं धुताना मी मनातल्या मनात तिच्याशी बोलायचे. तीही काही जास्त बोलायची नाही, सूप हलवत ऐकून घ्यायची.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला मामींनी मला पहिल्यांदा अष्टशील घ्यायला लावलं. पांढरं पातळ नेसायचं, आठ शीलं घ्यायची, बारा वाजायच्या आत एकदा जेवायचं आणि पुढे दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. वीस वर्षांच्या मुलीला चार वाजता कशी भूक लागते ते मी सांगायला नको. आम्ही सगळ्याजणी विहारात बसलो होतो. बाहेर पावसाची रिपरिप, आत उदबत्तीचा वास, पोटात काही नाही आणि गुरुजींचा तो संथ आवाज. डोळे उघडे होते, पण कितीतरी वेळ मी विहारात नव्हतेच. लांबलचक सारवलेलं अंगण होतं, ऊन कोवळं होतं आणि पायरीवर ती बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने सुपातले मूठभर तांदूळ माझ्या ओंजळीत घातले आणि म्हणाली, "निवड, नुसती बसू नको." तांदूळ थंडगार होते. एवढे खरे, की भानावर आले तेव्हा माझी ओंजळ पुढे केलेली होती आणि शेजारची गिरजाबाई माझ्याकडे टकमक बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहार झाडायची पाळी माझी होती. झाडून झाल्यावर मी हात धुतले, ग्रंथावरचं कापड काढलं आणि बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेचं प्रकरण उघडलं. तिला एकदा निवांतपणे वाचावं, एवढीच इच्छा. चिकटलेली पानं मी नखाने हळूच सोडवली.

सुजाता होती. खीर होती, सोन्याचं पात्र होतं. बाई नव्हती.

मला वाटलं माझंच चुकतंय. मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. राजगृह पाहिलं, जेतवन पाहिलं. त्यानंतरचे आठ दिवस, जेव्हा जेव्हा विहारात कुणी नसेल तेव्हा, मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळा ग्रंथ चाळून काढला. ती कुठेच नव्हती. आधी मला नुसतं रितं रितं वाटलं, आणि मग रागच आला. हा काय प्रकार? ग्रंथ समोर ठेवून, बोट ओळीवर ठेवून, मनाचं सांगायचं? आणि आम्ही हात जोडून ऐकायचं?

मी मामींना सांगितलं. त्या अंबाडी निवडत होत्या.

"मामी, गुरुजी ग्रंथात नाही ते वाचतात. ती डागवाली बाई आहे न, ती ग्रंथात नाहीच."

मामींनी हात थांबवला नाही. "कोनापाशी बोलली तं नाही?"

"नाही."

"मंग बोलू नोको."

"पण मामी, हे बरोबर आहे का? ग्रंथ आहे तो."

"काय वाईट सांगते ती बाई? तांदूळ निवडते, पानी पाजते, झाडून काढते. पाप हाये का त्याच्यात?"

"अश्विन पुनवेला भंतेजी येणार आहेत. शेवटची पानं त्यांच्यासमोर वाचायची आहेत. त्यांना सगळा ग्रंथ माहीत. भर सभेत टोकलं तर? या वयात गुरुजींची काय अब्रू राहील?"

आता मात्र मामींचा हात थांबला. "तवाचं तवा पाहू," म्हणाल्या. "तू नवी हायेस. गप राह्य."

मला वाटलं, यांना अक्षर येत नाही, म्हणून यांना ग्रंथात असणं आणि नसणं यातला फरकच कळत नाही. दहावी पासचा तोरा, दुसरं काय!

अश्विन पौर्णिमा उजाडली ती लख्ख. पाऊस सरला होता, धानाच्या लोंब्या भरल्या होत्या. सकाळी पन्नासेक बायका आणि तेवढेच पुरुष पांढऱ्या कपड्यांत विहारात जमले. तालुक्याहून भंतेजी आले, वयस्कर भिक्खू, किडकिडीत, ऐकताना डोळे मिटून घेणारे. त्यांनी आम्हाला अष्टशील दिलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील मी त्या दिवशी जरा मोठ्यानेच म्हटलं. गेले तीन आठवडे मनावर ओझं होतं ना!

दुपारी चार वाजता समारोप होता. ग्रंथाची शेवटची चार पानं राहिली होती, ती वाचली की वर्षावास संपणार. मला ठाऊक होतं, या चार पानांतही ती कुठूनतरी येणार.

भंतेजींनी आधी प्रवारणा म्हणजे काय ते समजावलं. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांपुढे बसतात आणि प्रत्येकजण संघाला विनंती करतो, की या तीन महिन्यांत माझा काही दोष तुम्हाला दिसला असेल, कानावर आला असेल, नुसती शंका आली असेल, तरी माझ्यावर दया करून मला तो सांगा. तीन वेळा विचारायचं. सगळे गप्प राहिले तर त्याच्यात दोष नाही असं मानायचं.

"हे भिक्खूंसाठी आहे," भंतेजी म्हणाले. "आता वाचनाकडे वळू या."

"भंतेजी," गुरुजी म्हणाले, "मी उपासक आहे. पण तीन महिने या लोकांसमोर मी वाचलं. मला विचारायचं आहे. चालेल?"

भंतेजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "विचारणाऱ्याला कोण अडवणार? विचारा."

गुरुजी चौरंगावर हात टेकून उठले. सभेकडे तोंड करून उभे राहिले, पण चेहरा जरा एका बाजूला, जिकडे कुणीच बसलं नव्हतं तिकडे वळलेला. त्यांनी हात जोडले.

"माझ्या वाचनात काही दोष दिसला असेल, कानावर आला असेल, शंका आली असेल, तर सांगा."

कुणी बोललं नाही. बाहेर पोपटांचा थवा ओरडत गेला.

"दुसऱ्यांदा विचारतो. कुणाला काही दिसलं असेल तर सांगा."

बायकांनी माना खाली घातल्या. मी मामींकडे पाहिलं. त्या थेट माझ्याकडेच बघत होत्या आणि अगदी बारीक मान हलवत होत्या. नको.

गुरुजी थांबले. मग एकदम साध्या आवाजात, वर्गात बोलावं तसे बोलले, "पाहा ना, मला मान म्हणून गप्प राहू नका. डोळे गेले, ते मला समजते. पण हल्ली डोक्याची शंका येऊन राहिली. रात्री पडलो की वाटते, आज जे वाचलं त्यातलं ग्रंथातलं किती आणि माझं किती? मला निवडता येत नाही. मी कोणाला विचारू? घरी विचारायला कोणी नाही. तुम्ही नाही सांगितलं तर मी असाच जाईन. तिसऱ्यांदा विचारतो."

मला आजही सांगता येत नाही, त्या वेळी माझ्यात काय होतं. दया होती, हे खरं. शील घेतलं होतं, हेही खरं. आणि सगळ्या गावात मला एकटीलाच हे ठाऊक आहे, ही घमेंडही असणार थोडी.

"गुरुजी," मी म्हणाले, "ती तांदूळ निवडणारी बाई ग्रंथात नाही."

गुरुजींचा चेहरा माझ्या आवाजाकडे वळला.

"कोणती?"

"सुजातेच्या अंगणातली. मनगटावर डाग असलेली."

"नाही?"

"नाही, गुरुजी."

"अन् विहिरीवरची?"

"तीही नाही. जेतवनातही नाही. मी सगळा ग्रंथ पाहिला, पहिल्या पानापासून."

"एकाही पानावर नाही?"

"नाही."

ते तसेच उभे राहिले, हात जोडलेलेच. मला वाटलं आता ते चिडतील, किंवा खजील होतील, किंवा माझे आभार मानतील. मी या सगळ्याची तयारी करून ठेवली होती.

"मला वाटत होतं, आहे," ते हळूच म्हणाले. "लिहिलेलं आहे, असं वाटत होतं." मग कुणीतरी आत्ताच दारात येऊन निरोप दिल्यासारखे म्हणाले, "मग सगुणा गेलीच म्हणायची."

मी मामींकडे पाहिलं. त्यांनी तोंडाला पदर लावला होता. गिरजाबाईने लावला होता. एकेक करून मी सगळ्या बायकांकडे पाहिलं आणि मला कळलं, की सुजातेच्या अंगणात कोण बसलं आहे हे पहिल्या दिवसापासून अख्ख्या टोलीला ठाऊक होतं. दर वैशाखी पौर्णिमेला टोलीसाठी खिरीचं भांडं चढवणारी, एका वर्षी त्याच भांड्याने मनगट भाजून घेतलेली, गळलेली फुलंही केरात जाऊ न देणारी सगुणाबाई नंदेश्वर. फाल्गुनात गेली तेव्हा तिच्या चितेपाशी गुरुजींनीच खणखणीत आवाजात सुत्तं म्हटली होती, डोळ्यांतून टिपूस न गाळता. त्यानंतर श्रावणापासून बायका रोज संध्याकाळी तिला भेटायला येत होत्या. तिला कधीही न पाहिलेली टोलीत मी एकटीच होते.

गुरुजी खाली बसले, आणि रडू लागले. म्हातारा माणूस एवढ्या मोठ्याने रडताना मी तोवर पाहिला नव्हता. भंतेजी जागेवरून उठले नाहीत, त्यांनी डोळेही मिटले नाहीत. बायका रडत होत्या. पुरुष जमिनीकडे बघत होते. कुणी त्यांना आवरलं नाही. सात महिन्यांचं साठलेलं होतं, त्याला वेळ लागला.

मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

"गुरुजी, मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं."

त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "माहीत असतं तर बोलली असतीस?"

अंगावर पांढरं पातळ होतं, सकाळी घेतलेली आठ शीलं होती. नसती तरी त्या चेहऱ्यापुढे मला खोटं बोलता आलं नसतं.

"नसते बोलले."

"हे सगळे माहीत असून नाहीच बोलले," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "चांगली माणसं आहेत. फार सांभाळलं मला." मग त्यांनी हात पुढे करून चौरंग चाचपला, माझा हात धरला आणि ग्रंथावर ठेवला. "चार पानं राहिली. तू वाच."

"मी? नको, गुरुजी."

"वाच. आज मला ऐकायचं आहे, काय लिहिलंय ते."

भंतेजींनी मान डोलावली. मामींनी पदराने डोळे पुसले आणि त्या माझ्या डाव्या हाताला येऊन बसल्या, पानं उलटायला. कुठलं पान कधी संपतं हे त्यांना कळणार नव्हतं. मी कोपराने खूण करायची असं आम्ही न बोलताच ठरवलं.

कुशिनारा. दोन शालवृक्ष. त्यांच्यामध्ये अंथरलेली बुद्धाची शेवटची शय्या आणि भोवती बसलेले लोक. माझा आवाज पहिल्या ओळीला फाटला, मग सुधारला. प्रत्येक पूर्णविरामाशी मी नकळत थांबत होते, तिला यायला जागा ठेवल्यासारखी. सगळा विहारही थांबत होता. गुरुजी मान तिरकी करून, श्वास धरून ऐकत होते. मग मी पुढची ओळ वाचायचे.

जेवढं लिहिलं होतं तेवढंच मी वाचलं. ते फार लवकर संपलं.